एक माणूस, दोन सर्व्हर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रात्रपाळीला माणूस एकच, सर्व्हर दोन, आणि एका रात्रीत सखोल तपासणी एकाचीच होते, असं तू कळवलंस. पेमेंटचा डेटाबेस जास्त मोलाचा म्हणून तू रोज तोच तपासतोस, हे मात्र मला पटलं नाही. आत शिरलेला हल्लेखोर घाईत नसतो. तो तुझ्या तपासणीच्या खुणा आठवडाभर पाहतो आणि तू नसशील तिथे हात घालतो. एकाने आधी चाल करायची आणि दुसऱ्याने ती पाहून खेळायचं, हा खेळ श्टाकेलबर्ग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये बाजारातल्या कंपन्यांसाठी मांडला होता. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तपासणी नाकी आणि श्वानपथकं कधी कुठे ठेवायची, हे २००७ पासून संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने याच गणिताने ठरवून दिलं.

तुझ्या बाबतीत आकडे असे धर. हल्लेखोराला डेटाबेस मिळाला तर ८ गुण, मेल सर्व्हर मिळाला तर ४, आणि कुठेही पकडला गेला तर उणे २. रोज डेटाबेसच तपासलास तर तो मेलवर बिनधास्त ४ कमावतो. निम्म्या निम्म्या रात्री वाटल्यास तर डेटाबेसवर त्याला सरासरी ३ मिळतात. मोलाच्या प्रमाणात, म्हणजे तीनातल्या दोन रात्री डेटाबेसला दिल्यास, तर मेलवर २. आता डेटाबेस तपासण्याची शक्यता ‘प’ मान. डेटाबेसवर त्याची सरासरी कमाई ८ − १०प, मेलवर ६प − २. दोन्ही सारख्या केल्या की प येतो ०.६२५. म्हणजे १६ रात्रींत सरासरी १० डेटाबेसच्या, ६ मेलच्या. मग तो कुठेही गेला तरी १.७५. एका माणसाच्या बळावर याहून खाली त्याला आणता येत नाही.

गुण कुणी ठरवले, असं तुझे साहेब विचारतील. बदलून दाखव. पकडल्याचा तोटा उणे ४ केला तरी प ०.६ वर येतो, फारसा हलत नाही. डेटाबेसचं मोल १२ केलं तर ०.७. पण खरी गोची तपासणीच्या दर्जात आहे. तुझी तपासणी दहा घुसखोरांपैकी पाचच पकडत असेल, तर प एकदम ०.८७५ होतो आणि त्याची कमाई ३.६२५ वर जाते. म्हणून आधी सहकाऱ्याला परवानगीने खोटी घुसखोरी करायला सांग आणि किती वेळा सापडते ते मोज. वाटणीचं गणित त्यानंतर.

आता रोज रात्री कोणता सर्व्हर तपासायचा त्याची निवड. माणसाच्या मनाने निवडू नकोस, कारण सलग तीन रात्री डेटाबेस आला की चौथ्या रात्री हात आपोआप मेलकडे वळतो. ठरावीक तीन रात्री सलग डेटाबेस येण्याची शक्यता चारात एक आहे, ते अगदी स्वाभाविक आहे. चिठ्ठ्या काढत असशील तर काढलेली चिठ्ठी परत टाक, नाहीतर सोळावी रात्र आधीच कळते. पायथनमध्ये नेहमीचं रँडम मॉड्यूल नको: त्यातल्या मर्सेन ट्विस्टर या आकडे बनवण्याच्या पद्धतीचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात. त्याऐवजी अंदाज बांधता न येणारे आकडे देणाऱ्या सीक्रेट्स मॉड्यूलमधून ० ते १५ मधला आकडा घे. १० पेक्षा कमी आला तर डेटाबेस, नाहीतर मेल.

सोडत पाळी सुरू झाल्यावरच काढ. आठवड्याची यादी करून सामायिक कॅलेंडरवर टाकलीस तर हल्लेखोर ती वाचेल आणि वरचं सगळं गणित वाया जाईल. १० आणि ६ हे प्रमाण त्याला कळलं तरी बिघडत नाही, आजची रात्र कळता कामा नये. तपासणीची वेळही अशीच सोडतीने ठरव. रोज अकराला सुरू करत असशील तर अकरा वाजायच्या आत तो आपलं काम उरकून खुणा पुसून ठेवेल.

पुढच्या महिन्यात बॅकअपचा सर्व्हर तुझ्याकडे येणार आहे ना? त्याचे गुण ठरवताना हे ध्यानात घे की रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, बहुधा आधी बॅकअपच शोधून नष्ट करतात. त्याला मेलपेक्षा कमी देऊ नकोस. तिन्हींचे आकडे पाठव, समीकरण आपण फोनवर मांडू.

तुझी,
आई