हाडांच्या ओपीडीतल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेत

डॉक्टर मॅडम,

ओपीडीत पेशंट नावाने नाही, दुखण्याने लक्षात राहतो, म्हणून तशीच ओळख सांगते. उजवा पाय, दुसऱ्या बोटाच्या मागचं हाड, पोलीस भरती.

तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत सल्ले भरपूर मिळाले होते. अकॅडमीचे सर म्हणाले, "वर्दी पाहिजे तर पाय दुखणारच." मुलींच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ८०० मीटरचे २० मार्क, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५, म्हणून सगळा जीव ८०० वर. पहाटे बायपासच्या डांबरावर पळायचं, वरून बॉक्सवर उड्या, आणि दुखलं की स्प्रे मारून परत पळायचं. एका खाजगी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, "नॉर्मल आहे" म्हणाले, कमरेत इंजेक्शन दिलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीच्या लग्नाचं बघा. पायाला हातसुद्धा लावला नाही. फी मात्र मोजून घेतली.

तुम्ही म्हणालात, "एका बोटाने दाखव." मी दाखवलं, तुम्ही तिथेच अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उडालेच. हाडाला पळून पळून पडलेली अशी बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे तेव्हा कळलं. नव्या फोटोत तिच्याभोवती हाड धरू लागलेलं स्पष्ट दिसलं. कवायत करणाऱ्या सैनिकांचं हे दुखणं १८५५ मध्ये एका प्रशियन लष्करी डॉक्टरने नोंदवलंय, असंही तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. मला उगाच बरं वाटलं. म्हणजे मी नाटकं करत नव्हते.

मग आईला औषधाच्या खिडकीकडे पाठवून तुम्ही पाळीचं विचारलंत. कित्येक महिने आली नव्हती. होस्टेलवर सगळ्या म्हणायच्या, बरंय, कटकट गेली! वजन उतरलं की टायमिंग सुधारतं म्हणून रात्रीची भाकरी बंद करायला सरांनीच सांगितलेलं. पोटाला कमी, पळणं जास्त, त्यात पाळी बंद, की हाडं कमजोर होतात, हा धागा कुणी जोडून दाखवला नव्हता.

पण मला खरं लक्षात राहिलंय ते तुमच्या टेबलावरचं कॅलेंडर. पळणं बंद म्हटल्यावर माझं तोंड उतरलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ग्राउंड कधी आहे?" औषध कंपनीचं, कोपऱ्यात चहाचा डाग पडलेलं ते कॅलेंडर माझ्याकडे फिरवलंत आणि पेनाने आठवडे मोजलेत. "हे सहा ते आठ हाडाचे. मग चालणं. मग मातीवर हळूहळू पळणं. तोवर खुर्चीत बसून गोळा फेक, हाताला काय झालंय?" बाहेर रांग कुरकुरत होती. बाकीचे म्हणत होते, पाय तरी सोड नाहीतर भरती तरी सोड. माझी तारीख विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुम्ही गोड बोलत नाही, हेही लिहायला हवं. मध्ये घुसणाऱ्या त्या पुढाऱ्याच्या माणसाला तुम्ही जे सुनावलंत, ते आम्ही होस्टेलवर अजून एकमेकींना करून दाखवतो. आमच्याकडे सरकारी दवाखाना म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण समोरच्या पोरीचं काम आपल्या कामाइतकंच महत्त्वाचं धरणारं माणूस मला भेटलं ते तिथल्याच केसपेपरवर. अशी माणसं असतात म्हणून गावाकडच्या मुली काहीतरी व्हायचं म्हणू शकतात, असं मला आता वाटतं.

ग्राउंड झालं. ८०० पूर्ण पळाले, पाय काही बोलला नाही. लेखीचं बघू.

आणखी एक. अकॅडमीतल्या दोघींना मंगळवारी तुमच्याकडे पाठवतेय. एकीची नडगी दुखते, ती सगळं सांगेल. दुसरी टाचेचं सांगेल आणि गप्प बसेल. तिला पाळीचं तुम्हीच विचारा, आणि तिच्या मावशीला तेवढं खिडकीकडे पाठवा.

तुमची,
उजवा पाय