टोपी क्रमांक ३ आणि "ब्लेड उलटं बसवलंय का?"

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि उत्पादन विभागप्रमुख
(दोघांनाही. एकाला पाठवलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, हे आता सिद्ध झालं आहे.)

विषय : तीन भागांच्या दुधारी रेझरची टोपी सदोष असणे, बदलून दिलेल्या रेझरमध्येही तोच दोष निघणे आणि तक्रार परस्पर बंद करणे.

महोदय/महोदया,

तुमच्या मदत केंद्राशी सहाव्यांदा बोलून झालं आणि फोन ठेवल्यावर चार मिनिटांत संदेश आला : 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.' समाधान नेमकं कोणाचं झालं ते कळवावं. इथे झालेलं नाही.

रेझर तुम्हीच बनवता, तेव्हा वरची टोपी, पात्याखालची प्लेट आणि त्यांना आवळणारा दांडा म्हणजे काय हे समजावत बसत नाही. पातं घट्ट आवळल्यावर टोपीच्या कडेबाहेर त्याची धार एका बाजूला ०.६० मि.मी. दिसते आणि दुसऱ्या बाजूला ०.९० मि.मी. म्हणजे पातं मध्यापासून ०.१५ मि.मी. सरकून बसतं. एवढ्याशा आकड्याने काय होतं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी : अख्ख्या पात्याची जाडीच ०.१० मि.मी. असते. शिवाय सरक एका बाजूला जेवढी भर घालते तेवढीच दुसऱ्या बाजूची काढून घेते, त्यामुळे दोन बाजूंतला फरक दुप्पट होतो. माप व्हर्नियर कॅलिपरचे जबडे धारेला लावून घेतलेलं नाही. तसं केलं तर धार मोडते आणि पातं वाकून आकडाही खोटा येतो. टोपीची रुंदी व्हर्नियरने मोजली, वरून सरळ फोटो काढला आणि त्या प्रमाणात दोन्ही कडा मोजल्या. फोटो तुमच्याकडे तीनदा पाठवले आहेत. तिन्ही वेळा 'कृपया फोटो पाठवा' असं उत्तर आलं.

याचा परिणाम चेहऱ्यावर दिसतो. ०.९० च्या बाजूला धार टोपी-प्लेटच्या चिमटीपासून लांब, आधाराशिवाय बाहेर येते. राठ केसाला लागली की ती थरथरते, आणि हनुवटीखाली किंवा कंठमण्यावर बारीक रक्ताचे ठिपके उठतात. ०.६० च्या बाजूला नेहमीच्या ३० अंशांच्या आसपासच्या कोनात धार केसाला नीट पोचतच नाही, नुसती टोपी गालावरून घसरते आणि खुंट तसेच राहतात. मग माणूस दाब देतो. दाब न देता रेझरच्या वजनाने दाढी व्हावी यासाठी तर हे जड डोकं बनवलंय ना? दुधारी रेझर दोन-चार हात मारले की फिरवून दुसरी बाजू वापरायची असते. इथे प्रत्येक फिरवण्याला कोनही बदलावा लागतो. एका दांड्यावर दोन वेगवेगळे रेझर! पुढच्या जाहिरातीत हे वाक्य वापरायला परवानगी आहे.

दोष कुठल्या भागात आहे हे शोधायचं काम तुमचं होतं, पण ते इथे करून झालंय. टोपीच्या एका बाजूला, प्लेटच्या एका बाजूला आणि पात्याच्या एका कोपऱ्यावर पक्क्या शाईच्या पेनाने ठिपके दिले. आधी फक्त पातं अर्धा फेर फिरवलं : जास्तीची धार टोपीच्या ठिपक्याकडेच राहिली, म्हणजे पातं निर्दोष. मग टोपी आणि पातं तसंच ठेवून फक्त प्लेट फिरवली : तरी तिथेच, म्हणजे प्लेट निर्दोष. दांडा दुसऱ्या रेझरचा लावून पाहिला, काही फरक नाही. शेवटी प्लेट स्थिर ठेवून फक्त टोपी फिरवली आणि दोष टोपीबरोबर फिरला. हेच सगळं तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पात्यांवर केलं. तुमच्या रचनेत पात्याला जागेवर धरतात त्या टोपीच्या आतल्या दोन खुंट्या. प्लेटची भोकं मुद्दाम सैल आहेत. खुंट्या मध्यावर नसतील तर पातं मध्यावर बसेल कसं?

पातं बसवण्याची रीत चुकली असेल, हा तुमचा पुढचा मुद्दा असणार, म्हणून तोही आधीच निकालात काढतो. टोपी पालथी धरून पातं खुंट्यांवर ठेवलं. प्लेट बसवली. पात्याची धारेची बाजू सोडून दोन टोकं चिमटीत धरून दांडा फिरवला. मग पाव फेर सैल करून, पातं प्लेटला समांतर आहे ना ते उजेडात बघून पुन्हा आवळलं. ही रीत तिरकं बसलेलं पातं सरळ करते. आख्खं पातं बाजूला सरकलं असेल तर खुंट्यांना वळसा घालून ते जाणार कुठे?

आता तुमच्या दुसऱ्या ईमेलबद्दल. त्यात लिहिलं होतं, 'दांडा पुरेसा घट्ट नसावा, पकडीने आवळून पाहावा.' हे वाक्य कोणी लिहिलं त्यांना कारखान्यात एक दिवस नेऊन आणा. टोपी झामॅकची आहे, म्हणजे सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम घातलेलं जस्त, साच्यात ओतलेलं आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेलं. आट्यांचा खुंटही त्याच ओतीव धातूचा. पकडीने आवळला तर तो एक दिवस प्लेटच्या पातळीवर कट्कन तुटतो आणि तुटलेला तुकडा दांड्यात अडकून बसतो. तुटला नाही तरी आट्यांवरचा मुलामा तडकतो, पाणी जस्तापर्यंत जातं आणि काही महिन्यांत तिथे पांढरी पूड धरते. मग तुम्हीच म्हणणार, 'चुकीच्या हाताळणीमुळे वॉरंटी रद्द.' सल्लाही तुमचाच! हा रेझर बोटांच्या जोराने बंद होतो आणि तेवढंच पुरतं.

आणि आजचं संभाषण. मदत केंद्राच्या प्रतिनिधीचं नाव लिहीत नाही. चूक त्याची नाही, त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय त्याची आहे. पण जे झालं ते जसंच्या तसं तुमच्या वाचनात यायला हवं.

"सर, आपली अडचण समजली. ब्लेड उलटं बसवलं असेल."

दुधारी पात्याला उलटं-सुलटं नसतं, असं सांगितलं.

"हो सर, तरी एकदा पलटून बघा. मी लाइनवर आहे."

पलटलं. नुसतं हो म्हणून वेळ मारून नेली नाही. खरोखर दांडा उघडला, पातं पलटलं, दांडा बंद केला. फरक शून्य.

"सर, ब्लेडवर नाव लिहिलेलं असतं. ती बाजू वर आहे का?"

आता वर आहे. मघाशी खाली होती.

"मग मघाशी उलटंच होतं, सर."

मग आता दोष जायला हवा होता. गेलेला नाही.

यावर थोडी शांतता. मग, "सर, एक मिनिट होल्ड करता का?" ते मिनिट अकरा मिनिटांचं झालं. त्या काळात तुमच्या बासरीच्या धूनसोबत 'पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास' हे वाक्य चौदा वेळा ऐकलं. (मोजलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.) परत आल्यावर प्रतिनिधी म्हणाला, "सर, सीनियरशी बोललो. ते म्हणाले, ब्लेड उलटंच आहे. आपल्याला जमत नसेल तर आमचं कार्ट्रिजवालं घ्या, त्यात उलटं बसतच नाही."

जमत नसेल तर.

किंग कॅम्प जिलेट यांना दुधारी रेझरचं अमेरिकी पेटंट मिळालं १९०४ साली. तेव्हापासून आजपर्यंत या पात्याची खुबी एकच : पातळ, सपाट, दोन्ही कडांना धार, आणि चारही तऱ्हांनी बसवलं तरी सारखंच. वर-खाली करा, डावं-उजवं करा, ते तेच पातं राहतं. त्याला बाक येतो तो टोपी आणि प्लेटच्या दाबाने. छापलेलं नाव वर आलं की खाली गेलं याने एकच फरक पडतो : पातं बनवणाऱ्याची जाहिरात टोपीला दिसते की प्लेटला. हे ज्या कंपनीच्या 'सीनियर'ला ठाऊक नाही, ती कंपनी याच पात्यासाठी रेझर ओतते, हे कळल्यापासून रागापेक्षा काळजीच जास्त वाटतेय.

संयमाने लिहायचं ठरवलं होतं. असो.

बदलीच्या रेझरसोबत तुम्ही 'सदिच्छा भेट' म्हणून दाढीचा साबण पाठवलात आणि चौथ्या फोनवर सांगितलंत, 'आमचाच साबण वापरा म्हणजे कापणार नाही.' सरकलेलं पातं साबणाने मध्यावर येत नाही, पण विषय तुम्हीच काढलात म्हणून बोलतो. तुमच्याच साबणाच्या जुन्या डब्यावर घटकांत पहिलं नाव स्टिअरिक ॲसिडचं होतं, पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन. नव्या डब्यावर सुरुवात सोडियम पामेट आणि सोडियम कोकोएटने (म्हणजे पाम तेल आणि खोबरेल तेलाच्या साबणाने) होते आणि स्टिअरिक ॲसिड पार मागे गेलंय. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, तेव्हा काय घडलं ते उघड आहे : दाढीच्या साबणाच्या डब्यात अंघोळीची वडी आली आणि डब्यावर 'नवीन, सुधारित' असा शिक्का बसला. पोटॅशियम आणि स्टिअरिकचा साबण हळू विरघळतो, पण त्याचा फेस सायीसारखा दाट होतो आणि टिकतो. खोबरेल तेलाचा साबण चटकन फसफसतो, मोठे बुडबुडे दाखवतो आणि बसतो.

पाणी जड असेल, असं म्हणण्याआधी हे वाचा : ऊर्ध्वपातित पाणी घेतलं. २४ मि.मी. गाठीचा (केसांच्या जुडीच्या मुळाशी तेवढी जाडी असलेला) ब्रश भिजवून पिळला, दोन्ही साबणांवर ३० सेकंद फिरवला आणि वाडग्यात अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत फेस केला. पाच मिनिटांनी जुन्याचा फेस ब्रशच्या खुणांसकट उभा होता. नव्याच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि वर बुडबुडे फुटत होते. ज्या रेझरची एक बाजू आधीच जास्त बाहेर आहे, त्याच्याखाली असला फेस म्हणजे जखमेची पूर्वतयारी. ब्रशबद्दल मात्र तक्रार नाही. पहिल्या पाच-सात वेळा काही केस गळाले, मग थांबले; चांगल्या ब्रशचंही तसंच होतं. जे ठीक आहे ते ठीक आहे.

मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण बदलून आलेल्या रेझरमध्येही तोच दोष आहे. तोच म्हणजे अगदी तोच : ०.६० आणि ०.९०, सरकही त्याच दिशेला. एक टोपी वाकडी निघाली तर योगायोग. दोन टोप्या एकाच दिशेला, एकाच मापाने वाकड्या निघतात तेव्हा वाकडा साचा असतो. आता दोन्ही टोप्यांच्या आतल्या बाजूला, खुंटीच्या मुळाशी नीट बघा. तिथे बारीक उठावदार '३' आहे. एका साच्यात एका वेळी अनेक टोप्या ओतल्या जातात आणि कुठली टोपी कुठल्या खोबणीतली हे कळावं म्हणून असे आकडे घालतात, हे तुमच्या उत्पादन विभागाला माहीत असणारच. तुमच्या साच्याची तिसरी खोबणी बिघडली आहे. म्हणजे तिच्यातून निघालेली प्रत्येक टोपी आत्ता कुणाच्या तरी हनुवटीखाली आहे, आणि तो माणूस स्वतःच्या हाताला दोष देतोय. किंवा तुमच्या सांगण्यावरून पातं पलटतोय.

ही माहिती तिसऱ्या फोनवरही दिली होती, पाचव्यावरही दिली होती. पाचव्या फोनवर विचारलं गेलं, "सर, तीन नंबरचं ब्लेड का?"

मागणी मोठी नाही. नवा रेझर नको, सवलतीचं कूपन नको, साबण तर मुळीच नको. आतल्या बाजूला ३ सोडून दुसरा कुठलाही आकडा असलेली एक टोपी पाठवा. प्लेट आणि दांडा उत्तम आहेत, ते राहू देत. पाठवण्याआधी तिच्यात पातं बसवून दोन्ही कडांचं माप घ्या आणि ते चिठ्ठीवर लिहा. गोदामातल्या '३' हा आकडा असलेल्या टोप्या बाजूला काढा. 'समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली' हा शेरा नोंदीतून काढून तक्रार पुन्हा उघडा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर पैसे परत घेण्यासाठी ग्राहक न्यायालयात अर्ज जाईल. हेच फोटो, हीच मापं आणि टोपीत आकडा कुठे शोधायचा याची कृती तुमच्या रेझरच्या प्रत्येक विक्री-पानावर अभिप्राय म्हणून लागेल. ही धमकी आहे का? हो, आहे.

तुमच्या जुन्या रेझरच्या टोप्या वर्षानुवर्षं चालल्या. मुलामा उडाला तरी पातं मध्यावर बसायचं. म्हणूनच पुन्हा तुमचाच घेतला होता.

या पत्राला फोनने उत्तर देऊ नये. लेखी द्यावं, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी दुधारी पातं हातात धरलंय अशा माणसाने द्यावं.

तुमचा (अजूनपर्यंत) ग्राहक

सोबत : दोन्ही टोप्यांच्या आतल्या बाजूचे फोटो, चौथ्यांदा.