आप्पा, बाटलीत पाणी टिकतंय!

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून तुमच्या नातवालाच हे मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलंय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे, चहा घे" म्हणून विषय बदलता. इथे मधे बोलायची सोय नाही. शिवाय जुनी गाडी नेटाने चालवणाऱ्या आणखी चार जणांच्या हे उपयोगी पडेल.

बाबांची गाडी 2004 ची. री-पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, इंजिन ठणठणीत. रडगाणं एकच, काच धुवायच्या बाटलीत पाणी टिकत नव्हतं. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण कऱ्हाडहून चिपळूणला जाताना, कुंभार्ली घाटात पाऊस नुकता थांबलेला असावा, पुढच्या ट्रकच्या चाकांनी लाल चिखल उडवावा आणि वायपर फिरवला की तोच काचभर सारवला जावा! भर पावसात एक वेळ निभतं, खरी पंचाईत पाऊस थांबल्यावर. वळणावर समोरून एसटी येतेय की नाही, तेही दिसत नाही.

एका गॅरेजात सांगितलं, बाटली, तिच्यातलं पाणी काचेकडे ढकलणारी मोटर, पाइप, अख्खा सेट बदला. दुसरीकडे मोटरभोवती कसला तरी चिकट लेप थापून दिला. तुम्ही तो बोटाने पापडासारखा सोलून काढलात आणि म्हणालात, "या प्लास्टिकला असलं काही धरत नसतं पोरी."

मला वाटलं, आता पाना काढणार. तुम्ही काढलीत नीळ! बाटली गळ्यापर्यंत भरून त्यात निळीचे थेंब टाकलेत, पाण्याच्या पातळीवर बाहेरून पेनाने रेघ मारलीत, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलंत आणि बजावलंत, "सकाळपर्यंत बटणाला हात लावायचा नाही." नीळ कशाला? तर एसीचं पाणीही खाली ठिबकतं, ते कुठलं आणि आपलं कुठलं हे कागदावर कळावं म्हणून.

सकाळी कागदावर निळा डाग होता. पण तुम्ही आधी बाटली पाहिलीत. पाणी मोटर जिथे खोचलेली असते तिथपर्यंत उतरून थांबलं होतं. बूड तडकलं असतं तर बाटली रिकामी झाली असती. पाणी जिथे येऊन थांबतं, गळती त्याच उंचीला. हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत, की मी ते वर्गात मुलांना सांगून मोकळी झाले.

मोटर ओढून काढल्यावर तिच्या तोंडाचं रबर तुम्ही तळहातावर घेतलंत. इंजिनच्या धगीने ते पार कडक झालं होतं. नखाने जरा दाबल्याबरोबर कडेची बारीक चीर उघडली. एवढंसं रबर! स्पेअर पार्टच्या दुकानात ते सुटं मिळतं, हेही तेव्हाच कळलं. बसवताना साबणाचं पाणी लावलंत. मी तेलाची बाटली पुढे केली, तर म्हणालात, तेलाने रबर फुगतं.

माझ्या लेखी काम संपलं होतं. तुम्ही म्हणालात, "आता दाब बटण." आणि बॉनेटच्या बिजागरीपाशी निळी धार उडाली. उभ्या गाडीत गळतं ते बाटलीकडचं, बटण दाबल्यावर गळतं ते मोटरच्या पुढचं. बॉनेट उघडताना-मिटताना पाइप तिथेच वाकतो आणि तिथेच चिरतो. फिशटँकची नळी घालू का, असं विचारल्यावर तुम्ही नुसतं इंजिनकडे बोट दाखवलंत. जुना पाइप काचेवर धार सोडणाऱ्या नोझलवरून ओढला नाहीत, नाहीतर नोझलची दांडी मोडते. ब्लेडने उभी चीर देऊन तो अलगद सोडवलात. नव्या रबरी पाइपचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलंत, मग ते निमूट चढलं. नोझलच्या भोकात बोअरच्या पाण्याचा क्षार बसला होता, तो टाचणीने काढलात.

सेट बदलायला सांगणारे लबाड होते असं मी म्हणणार नाही. गळती शोधायला रात्र घालवणं कुठल्या गॅरेजला परवडतं? तुम्ही मात्र एसटीच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवून, निवृत्तीनंतर माझ्या गाडीखाली वर्तमानपत्र अंथरत बसलात. पैशांचं नाव काढलं, तर दुकानाची पावती तेवढी पुढे केलीत.

परवा घाट उतरताना फवारा झकास चालला. फक्त डावी धार काच सोडून टपावरून जाते, मागच्या मोटरसायकलवाल्याने हॉर्न वाजवून कळवलंच! टाचणीने ती खाली वळवायचं तंत्र माझ्या हाताला काही जमेना. रविवारी गाडी घेऊन येते. आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. त्याला नाही म्हणायचं नाही, अशी तिची ताकीद आहे.

आपली,
समोरच्या आळीतली बाई