रंगीत तावदानांना सिलिकॉन लावू नका

संपादक महोदय,

स. न.

स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून केलेल्या तावदानांच्या, कलावंतांवर लिहिताना भर बहुतेक वेळा रंगांवर असतो. राजाबाई टॉवरच्या खिडक्यांचे जतन करणाऱ्या स्वाती चंदगडकर यांचे काम आले, की छायाचित्रात काच झळकते. शिसे आणि पुट्टी कोणी पाहत नाही. खिडकी टिकते ती मात्र त्यांच्यावर. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी घरे एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. त्यांत शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले एखादे तावदान असलेच, तर ते काढायला बोलावला जातो स्लायडिंग खिडक्यांचा माणूस! म्हणून हे पत्र.

अशा तावदानात काचेच्या दोन तुकड्यांमध्ये शिशाच्या पट्टीचा कणा, म्हणजे तिचा मधला उभा भाग, असतो. त्यासाठी काच कापताना दीड-दोन मिलिमीटर जागा सोडतात. ती कमी पडली, तर फरक तुकड्यागणिक साचत जातो आणि शेवटी तावदान चौकटीत बसत नाही. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या धातूच्या ऑक्साइडच्या रंगाने काढून भट्टीत साधारण 650 अंशांवर पक्क्या करतात. भट्टी कमी तापली असेल, तर हा रंग ओल्या फडक्यानेही सुटतो. त्यामुळे रंगवलेल्या बाजूला चिकटपट्टी लावू नये आणि बाथरूमचे ॲसिड तर जवळही आणू नये.

पट्टीच्या ओठाखाली, म्हणजे काचेवर आलेल्या तिच्या कडेखाली, जवसाचे तेल आणि खडूची पूड यांची पुट्टी ब्रशने भरतात. काळेपणासाठी चिमूटभर काजळी. ही पुट्टी वाळायला वेळ घेते, आणि तो वेळ कोणालाच द्यायचा नसतो. मग सिलिकॉनची नळी बाहेर निघते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते शिशाला खाते. पुढे पट्ट्या बदलायची वेळ आली, की चिकटलेले सिलिकॉन खरवडताना जुनी काच फुटते. तशी काच बाजारात मिळत नाही.

आपल्याकडे खाडीची खारी हवा. आधाराच्या आडव्या सळ्या साध्या लोखंडाच्या असल्या, तर गंज फुगून सळई जिथे रोवलेली असते तिथला दगड किंवा गिलावा तडकतो. सळ्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा ब्राँझच्या घ्याव्यात आणि तावदान तांब्याच्या तारेने बांधावे. पावसापासून बचाव म्हणून बाहेरून दुसरी काच लावायची असेल, तर मध्ये किमान 25 मिलिमीटर पोकळी ठेवून वर-खाली हवेला वाट द्यावी. बंद पोकळीत जून ते सप्टेंबर नुसते पाणी सुटते.

तावदान काढताना आधी फोटो, मग प्रत्येकावर क्रमांक. फुगलेले तावदान जागेवर दाबून सरळ करायला जाल तर काच जाईल. काढल्यावर ते प्लायवूडला टेकवून उभेच न्यावे; आडवे धरले की मधोमध झोळ पडतो. पांढरी पूड दिसली तर ती शिशाची समजावी: झाडू मारू नये, ओल्या फडक्याने टिपावी, मुलांना लांब ठेवावे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

काम देण्यापूर्वी पुट्टी कशाची आणि सळ्या कशाच्या, एवढे विचारावे. उत्तर 'सिलिकॉन' आणि 'लोखंड' आले, तर तावदान गोधडीत गुंडाळून उभे ठेवावे आणि दुसरा कारागीर शोधावा.

— काचकाम करणारे काही कारागीर, ठाणे