रक्त मोजायची पिशवी बेळगावात कधीच होती

संपादक महोदय, स.न.

कालच्या आरोग्य पानावरची बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची बातमी वाचली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठवाल्यांनी म्हणे रक्त मोजायची पिशवी आणि लगेच एकदम उपचार असा अभ्यास करून कमाल केली. केलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानियातली ८० हॉस्पिटलं, दोन लाखांवर बायका, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ येणं, मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी, हे काय थोडं झालं? पण बाळंतिणीच्या खाली लावून रक्त मोजायची ती मिलीच्या खुणांची प्लास्टिकची पिशवी जगाने २०२३ मध्येच पहिल्यांदा बघितली अशा थाटात तुमच्या बातमीदाराने लिहिलंय त्याने डोकं फिरलं.

अहो, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या लोकांबरोबर वीसेक वर्षांपूर्वी अशीच खुणांची पिशवी वापरली होती. खेड्यापाड्यातल्या १६२० बायका, बाळंतपणं एएनएमनी म्हणजे गावातल्या नर्सनी केलेली, अर्ध्यांना रक्तस्राव रोखणारं मिसोप्रोस्टॉल आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या साध्या गोळ्या. साध्या गोळीवाल्यांत १२ टक्क्यांना जास्त रक्तस्राव, मिसोप्रोस्टॉलवाल्यांत ६.४ टक्क्यांना. २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय, शोधलं असतं तर सापडलं असतं. माझं माहेर तिकडचं आणि वहिनी एएनएम, ती तेव्हापासून सांगते की नुसतं डोळ्यांनी बघून रक्ताचा अंदाज बहुतेकदा कमीच येतो.

आणि तो अंदाज काय असतो ते मला विचारा. गेल्या वर्षी माझ्या भाचीची डिलिव्हरी एका चांगल्या म्हणवणाऱ्या खासगी हॉस्पिटलात झाली, नाव लिहीत नाही. वार पडली, बाळ रडलं, सगळे पेढ्याच्या मागे, आणि मी बघतेय की खालचं कापड बदललं तरी परत भिजतंय, आया ते गोळा करून बादलीत टाकतेय. सिस्टरला म्हटलं अहो जरा जास्त जातंय का, तर म्हणाली काकू, बाळंतपणात एवढं जातंच, तुम्ही बाहेर बसा. पहाटे पोरगी पांढरीफटक, बीपी लागेना आणि मग आमची माणसं ब्लड बँकेकडे पळाली. वाचली, देवाची कृपा. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं माहितीये? ब्लीडिंग अंदाजे २५० मिली. बिलात मात्र रक्ताची पिशवी न् पिशवी मोजलेली.

आफ्रिकेतल्या अभ्यासातली खरी गंमत पिशवी एवढीच नव्हती, ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. रक्त खुणेपर्यंत आलं की गर्भाशयाला मसाज, ते आकुंचन पावावं म्हणून ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाईन, तपासणी सगळं लगेच एकदम, हे करून बघू मग ते बघू असं नाही. जिथे जुनीच पद्धत होती तिथे रक्तस्राव झालेल्यांतल्या ५१ टक्केच वेळेत लक्षात आल्या, पिशवीवाल्या हॉस्पिटलांत ९३. आता तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५०० मिलीची वाट बघू नका, ३०० गेलं आणि नाडी-बीपी बिघडलं की हालचाल करा. ३०० मिली बादलीत बघून कळतं होय?

बातमीदाराला आपल्या जिल्ह्यातल्या दोन-चार लेबर रूम फिरून यायला सांगा, पिशवी आहे का तेवढंच विचारायचं. जाहिरात विभागालाही पाठवा सोबत, कारण त्याच बातमीखाली अर्धं पान डिलिव्हरी पॅकेजची जाहिरात होती, डीलक्स रूम, केक कटिंग, बाळाचं फोटोशूट फ्री, त्यात कुठेच काही दिसली नाही ती पिशवी.

मागच्या वेळी माझं पत्र अर्धं कापून छापलं होतंत आणि नेमका मुद्द्याचा भाग गेला होता. या वेळी कापायचंच असेल तर पेढ्याचं कापा, आकडे राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, कोल्हापूर