स्टोअरच्या काकांना जाहीर पत्र

ती. काकांना सा. न. वि. वि.

निरोपाच्या दिवशी हार गळ्यात पडताच तुम्ही भाषणं सुरू व्हायच्या आत रामबागेकडे स्कूटर वळवलीत. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

संसर्ग प्रतिबंधाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी कागद-पेन घेऊन वॉर्डात उभी राहायचे. रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, असे ठरलेले पाच प्रसंग. कोण हात स्वच्छ करतं त्याच्या खुणा करायच्या. महिन्याचा आकडा असा झकास यायचा की मीटिंगमध्ये टाळ्या! एकदा चहा पिताना तुम्ही स्टोअरच्या खिडकीतून इश्यू रजिस्टर, म्हणजे वॉर्डाला किती माल दिला त्याची वही, पुढे सरकवलंत. "ताई, एवढे हात धुतात, मग माल उठत का नाही?"

मग रजिस्टराच्या मागच्या पानावर आपण हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने १००० रुग्णदिवसांना किमान २० लिटर हँडरब (हातांवर चोळायचं स्पिरिटचं द्रावण) लागतं, म्हणजे रुग्णामागे रोज २० मिली. ३० खाटांचा भरलेला वॉर्ड धरला तर अर्ध्या लिटरच्या आठवड्याला आठ-साडेआठ बाटल्या. जात होत्या तीन. मी दिसले की सगळे हात चोळायचे, पाठ फिरली की संपलं. खरं सांगू? त्या दिवशी तुमचाच राग आला होता.

बाटल्या दारामागून काढून खाटेच्या पायथ्याशी लावल्या तसा खप वाढला. मग स्वस्तातला माल आला आणि दोन आठवड्यांत आकडा पुन्हा घसरला. तेही आधी तुम्हालाच दिसलं. रात्रपाळीच्या एका मुलीला तुम्ही विचारलंत, तिने खिडकीतून नुसता हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या, वर स्पिरिट झोंबणारं. संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरीन असतं ते कातडीसाठीच. या मालाच्या लेबलावर त्याचं नावही नव्हतं. तुम्ही तो लॉट परत पाठवलात. वर बोलणी खाल्लीत, ती मला दुसऱ्यांकडून कळली.

आता खिडकीत नवा मुलगा बसतो. अर्ध्या बाटलीत वरून नवं ओतायचं नाही, हे त्याला पाठ झालंय. पण खपाचा रकाना का आखायचा, ते माझ्याकडून ऐकून त्याला पटत नाही. ५ मेच्या हात स्वच्छता दिनाला या काका, भाषण नाही ठेवत. खिडकीशी बसा आणि त्याला ते मागचं पान दाखवा.

तुमची,
वॉर्डातली ताई