नॉच चालू की बंद, एवढ्यावर भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फळमाशीच्या आतड्यातील मूलपेशींवर आपल्या विज्ञान पुरवणीत लेख आला, हे चांगलेच झाले. पण ‘नॉच चालू झाले की शोषक पेशी, बंद राहिले की संप्रेरक पेशी’ हे त्यातले वाक्य अपुरे आहे. (नॉच म्हणजे शेजारच्या पेशीकडून संकेत घेणारे, पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन.) नॉच तर खुद्द मूलपेशीतही बंदच असते! मध्यांत्रातील, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागातील, मूलपेशींमधून नॉच काढून टाकले, तर मूलपेशींसारख्या लहान पेशी आणि संप्रेरक पेशी अशा दोन्हींच्या गाठी वाढतात. नुसत्या ‘बंद’वरून पेशीचे पुढे काय होणार ते कळत नाही.

घडते ते असे. मूलपेशीच्या पृष्ठभागावरचे डेल्टा प्रथिन शेजारच्या कन्यापेशीतील नॉचला जागे करते. संकेत जोरदार असला की ती एंटरोब्लास्ट, म्हणजे अजून पक्की न झालेली मधल्या टप्प्यातील पेशी, होते, न विभागता डीएनएच्या प्रती वाढवत मोठी होते आणि शोषक पेशी बनते. बहुतेक कन्यापेशींची वाट हीच. कमी संकेत मिळालेला एंटरोब्लास्टच संप्रेरक पेशी होतो, असे 2007 साली मांडले गेले. पुढच्या कामातून वेगळे चित्र दिसले: मूलपेशीत स्क्यूट हे प्रथिन थोडा वेळ वाढते, प्रोस्पेरो हे दुसरे प्रथिन सुरू होते, आणि अशी तयार झालेली संप्रेरक पेशीची पूर्वपेशी एकदा विभागते. म्हणून संप्रेरक पेशी पुष्कळदा जोडीने सापडतात. काही विभाजनांत तर दोन्ही कन्या मूलपेशीच राहतात; कोवळ्या माशीला भरपूर खाद्य मिळाले की अशी विभाजने वाढतात.

लेखासोबतच्या चित्रात हिरव्या चमकणाऱ्या सगळ्याच पेशींना मूलपेशी म्हटले आहे, तेही दुरुस्त करावे. एस्कार्गो-गॅल4 ने (एस्कार्गो जनुक चालू असलेल्या पेशींतच हवे ते जनुक सुरू करणारी गॅल4 ची योजना) चमक आणली की मूलपेशी आणि एंटरोब्लास्ट दोन्ही उजळतात. वेगळ्या ओळखायच्या तर डेल्टाची प्रतिपिंडे आणि सप्रेसर-ऑफ-हेअरलेसचा रिपोर्टर (नॉच चालू असलेल्या एंटरोब्लास्टमध्ये दिसणारी खूण) सोबत हवा. प्रोस्पेरोने संप्रेरक पेशी ओळखतात, पीडीएम1 या प्रथिनाने शोषक पेशी.

विद्यार्थ्यांसाठी आणखी थोडे. गॅल4 ला रोखून धरणाऱ्या गॅल80 चा तापमान-संवेदी प्रकार वापरताना क्रॉस (माशांचा संकर) 18 अंशांवर वाढवून प्रौढ माशा 29 अंशांवर नेतात, म्हणजे गॅल80 निकामी होऊन गॅल4 मोकळे होते. नियंत्रण गटही तितकेच दिवस 29 अंशांवरच ठेवावा, नाहीतर उष्णतेचा परिणाम जनुकाच्या माथी मारला जातो. नर-मादी एकत्र मोजू नयेत, कारण मादीच्या आतड्यात पेशी अधिक वेगाने बदलतात. आणि आतड्याच्या पुढच्या भागातील आकड्यांची तुलना मागच्या भागाशी करू नये.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे